हवापालट व फुप्फुसविकार

रोगनिवारणासाठी राहते ठिकाण सोडून वेगळ्या हवामानाच्या, बहुधा उंच, कोरड्या व थंड जागी काही काळ जाऊन राहणे, यास हवापालट म्हणतात. फुप्फुसांच्या विकारांत, विशेषतः क्षयरोगात, हवापालट हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सु. शंभर वर्षे प्रमुख उपचार मानला जात होता. या कल्पनेपायी डोंगरमाथ्यांवर आरोग्यधामे उभी राहिली, काही ओसाड खेड्यांची नगरे झाली, तसेच असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची बचत आणि दागिने संपले. ज्यांना हवापालट परवडत नसे अशा बहुसंख्य रुग्णांना आपण उपचाराविना मरत आहोत असेच वाटत असे. या समजुतीची निर्णायक परीक्षा भारतात, मद्रास शहरातील दाट वस्तीत झाली. हवेचा फुप्फुसांशी असलेला खरा संबंध मात्र त्यानंतरच्या काळात अधिक स्पष्ट होत गेला, आणि तो पूर्वी समजला जाई त्याहून बराच वेगळा निघाला.

स्थलांतराने क्षय बरा होतो, ही कल्पना फार जुनी आहे. महाभारतातील कथेनुसार दक्षाच्या शापाने यक्ष्म्याने ग्रासलेला चंद्र प्रभासतीर्थी स्नान करून पुन्हा पुष्ट होऊ लागला. भारतीय परंपरेतील पहिला क्षयरोगी अशा रीतीने समुद्रकाठी जाऊन बरा झालेला आहे. रोमन लेखक सेल्सस याने रुग्णास शक्ती असल्यास दीर्घ समुद्रप्रवास करून इटलीतून ॲलेक्झांड्रियास जावे, असे सांगितले. गेलेनने व्हीस्यूव्हिअसजवळच्या स्टेबिई येथील कोरडी हवा व तेथील दूध यांची शिफारस केली. पुढे यूरोपातील वैद्य आपल्या श्रीमंत रुग्णांना दक्षिणेकडे पाठवू लागले. इंग्रज कवी जॉन कीट्स १८२० मध्ये रोमला गेला व पुढील वर्षी फेब्रुवारीत तेथेच मरण पावला. संगीतकार शोपँ याने १८३८-३९ चा हिवाळा माजॉर्का बेटावर काढला; तेथील पावसाळी दमट हवेत त्याची प्रकृती अधिकच ढासळली आणि रोगाचे नाव कळताच घरमालकाने त्याला घर सोडावयास लावले. हवापालटाच्या इतिहासात या दुसऱ्या बाजूचीही नोंद ठेवावयास हवी. रोगी ज्या गावी हवेसाठी जात असे, त्या गावाला तो बहुधा नकोसा असे.

आरोग्यधामांचा उदय : या मोघम सल्ल्याला पद्धतशीर उपचाराचे रूप हेर्मान ब्रेमर (१८२६–८९) या जर्मन वैद्याने दिले. सायलीशियातील ग्योर्बर्सडॉर्फ (आताचे पोलंडमधील सोकोवोव्स्को) या डोंगरी गावी त्याने १८५० नंतरच्या दशकात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. विशिष्ट उंचीच्या वर क्षयरोग होतच नाही आणि क्षयरोग्याचे हृदय प्रमाणाने लहान असते, अशी त्याची दोन गृहीते होती. उंचावरील विरळ हवेमुळे हृदयाचे कार्य वाढेल, फुप्फुसांना अधिक रक्त मिळेल व रोग हटेल, असे तो मानी. दोन्ही गृहीते चुकीची होती. तथापि क्षय प्रारंभीच्या अवस्थेत बरा होऊ शकतो, हे त्याचे ठाम प्रतिपादन त्या काळी धाडसाचे होते व रुग्णांना धीर देणारे ठरले.

ब्रेमरचाच एक रुग्ण व पुढे त्याचा सहायक असलेला पेटर डेटव्हायलर (१८३७–१९०४) याने १८७६ पासून फाल्केनश्टाइन येथे गुरूच्या पद्धतीत महत्त्वाचा बदल केला. ब्रेमर रुग्णांना चढउतारांवर चालावयास लावी, तर डेटव्हायलरने त्यांना उघड्या सज्जांत दिवसभर पडून राहावयास सांगितले. कोणत्याही ऋतूत, अंगावर कांबळी घेऊन, ठराविक तास, वैद्याच्या नजरेखाली, अशी ही विश्रांती असे. खिशात बाळगण्याची झाकणाची निळी पिकदाणीही त्याचीच देणगी होय. फाल्केनश्टाइनची उंची बेताचीच होती, तरीही तेथील निष्कर्ष ग्योर्बर्सडॉर्फच्या तोडीचे आले. उंचीचा सिद्धांत खरे तर येथेच डळमळावयास हवा होता, परंतु तसे झाले नाही.

याचे कारण दाव्होस हे होय. स्वित्झर्लंडमधील सु. १,५६० मी. उंचीवरील या खोऱ्यात आलेक्झांडर श्पेंग्लर (१८२७–१९०१) या वैद्याला स्थानिक लोकांत क्षयरोग विरळ आढळला. १८६५ च्या हिवाळ्यात तेथे पहिले रुग्ण राहिले आणि काही दशकांत त्या खेड्याचे आंतरराष्ट्रीय उपचारकेंद्र झाले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८०–८२ मध्ये दोन हिवाळे तेथे काढले. टोमास मान याची पत्नी १९१२ मध्ये तेथे उपचार घेत होती. त्या वेळच्या भेटीतून त्याला सुचलेली कादंबरी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे आरोग्यधामातील बंदिस्त, कालातीत जीवन जगभराच्या वाचकांस परिचित झाले.

अमेरिकेत एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो (१८४८–१९१५) या स्वतः क्षयग्रस्त असलेल्या वैद्याने न्यूयॉर्क राज्यातील सॅरानॅक लेक येथे १८८४-८५ मध्ये छोट्या कुट्यांचे आरोग्यधाम उभारले. त्याने सशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला होता. त्या जंतूंचे संवर्धन वापरून ट्रूडोने पाच सशांना रोगाची लागण करून अंधाऱ्या, कोंदट जागी अपुऱ्या अन्नावर ठेवले. दुसऱ्या पाच सशांना लागण न करता तशाच हलाखीत ठेवले व तिसऱ्या पाचांना लागण करून एका बेटावर मोकळे सोडले. पहिल्या गटातील चार मेले, दुसरा गट रोडावला तरी रोगमुक्त राहिला आणि बेटावरील पाचांपैकी चार जगले. परिस्थितीने रोग निर्माण होत नाही, पण रोगाची गती तिच्यावर अवलंबून असते, एवढा निष्कर्ष यातून निघतो. बेटावरच्या सशांना हवेबरोबर पोटभर चाराही मिळाला होता, ही गोष्ट मात्र हवेच्या पुरस्कर्त्यांनी सोयीस्करपणे बाजूस ठेवली.

भारतातील प्रसार : भारतात हवापालटाची कल्पना इंग्रजांच्या गिरिस्थानांबरोबर रुजली. मुंबई इलाख्यात महाबळेश्वर १८२९ च्या सुमारास वसले, परंतु तेथील धुवाधार पावसामुळे ते वर्षभर राहण्याजोगे नव्हते. महाबळेश्वरच्या पूर्वेस सु. १९ किमी.वरील पाचगणी सु. १,३०० मी. उंच असूनही पर्जन्यछायेत येते. म्हणून १८६० नंतर जॉन चेसनच्या देखरेखीखाली ती वसाहत वाढविण्यात आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम काढले. मुंबईतील सुस्थित रुग्णांना पाचगणी किंवा देवळालीस पाठविण्याची प्रथा पुढे इतकी रूढ झाली की, मराठी घरांत ‘हवापालटास गेला आहे’ हे शब्द क्षय या शब्दाचा उच्चार टाळण्यासाठी वापरले जाऊ लागले.

देशातील पहिले आरोग्यधाम ख्रिस्ती मिशनऱ्यांनी अजमेरजवळील तिलोनिया येथे १९०६ मध्ये सुरू केले. बेहरामजी मलबारी (१८५३–१९१२) व दयाराम गिदुमल यांच्या प्रयत्नांतून १९०९ मध्ये सिमल्याच्या वाटेवरील धरमपूर येथे, तर १९१२ मध्ये नैनितालजवळील भोवाली येथे अशा संस्था निघाल्या. कमला नेहरू १९३५ मध्ये यूरोपला जाण्यापूर्वी भोवालीस उपचार घेत होत्या. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझॅन येथे त्यांचे निधन झाले. हिमालयाची व आल्प्सची, अशा दोन्ही हवा मिळूनही रोग हटला नाही, याचे हे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण होय. श्रीनिवास रामानुजन यांना इंग्लंडमध्ये क्षयाच्या निदानावरून आरोग्यधामांत ठेवण्यात आले होते आणि तेथील थंडीचा व अन्नाचा त्यांना अतिशय त्रास झाला. त्यांना क्षय नसून यकृतातील अमीबाजन्य विकार असावा, असे मत १९९४ मध्ये मांडण्यात आले आहे.

दक्षिणेत मदनपल्लीजवळील आरोग्यवरम् व महाराष्ट्रात मिरजेजवळील वानलेसवाडी येथील मिशनऱ्यांची आरोग्यधामे उंच पर्वतावर नव्हती. कोरडे, सपाट माळ त्यांना पुरले. या संस्थांनी शस्त्रक्रियेत व वैद्यकांच्या प्रशिक्षणात केलेले काम गिरिस्थानांवरील संस्थांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले, असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ प्रश्न संख्येचा होता. आर्थर लँकेस्टर याने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पडद्यातील तरुण स्त्रिया व अंधाऱ्या घरांतील कुटुंबे यांच्याकडे लक्ष वेधले होते, पण अशा स्त्रियांना डोंगरावर पाठविणार कोण? भोर समितीने १९४६ मध्ये देशातील क्षयरोग्यांची संख्या सु. २५ लाख व वार्षिक मृत्यू सु. ५ लाख धरले. त्या वेळी सर्व देशात क्षयरोग्यांसाठी जेमतेम ६,००० खाटा होत्या. दर चारशे रुग्णांमागे एक खाट हे प्रमाण पाहता आरोग्यधाम हे धोरण म्हणून भारतात कधीच अस्तित्वात नव्हते. ते काही थोड्यांच्या नशिबी आलेले भाग्य होते.

शहराच्या दूषित हवेमुळे क्षय होतो व खेड्याची मोकळी हवा त्यापासून रक्षण करते, हा समजही याच सुमारास कोसळला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५५–५८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत क्षयाचे प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळजवळ सारखेच आढळले.

औषधे व मद्रासचा प्रयोग : स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध १९४३ मध्ये लागला. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७-४८ मध्ये १०७ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. आरोग्यधामाचा आधारस्तंभ मानलेली विश्रांती एकटी किती दुबळी होती, हेही या आकड्यांतून उघड होते. पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक अम्ल व १९५२ मध्ये आलेले आयसोनियाझिड यांच्या जोडीने उपचार स्वस्त व तोंडावाटे घेण्याजोगा झाला. मग रुग्णाला घरीच औषध दिले तर काय होईल, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. पाश्चात्त्य देशांना त्याची निकड नव्हती, कारण त्यांच्याकडे खाटा होत्या.

यासाठी १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा हा संयुक्त उपक्रम होता आणि वॉलेस फॉक्स (१९२०–२०१०) त्याचे पहिले संचालक होते. शहरातील गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्ण निवडून यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एक गट वर्षभर आरोग्यधामात, तर दुसरा स्वतःच्या घरी राहिला. औषधे दोघांना तीच मिळाली. आरोग्यधामातील रुग्णांना चांगले अन्न, विश्रांती, मोकळी हवा व परिचारिकांची देखरेख लाभली. घरच्या रुग्णांपैकी बरेचजण एकाच खोलीत अनेक माणसांसह राहत, त्यांचा आहार निकृष्ट होता आणि पुष्कळांना लवकरच कामावर परतावे लागले.

निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के व घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग जंतुदृष्ट्या शमला होता. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले, एवढाच ठळक फरक राहिला. याहून महत्त्वाचा प्रश्न घरातील मुलाबाळांचा होता. रुग्ण घरी ठेवला तर तो इतरांना रोग देईल, या भीतीवरच विलगीकरणाचे सर्व समर्थन उभे होते. सहवासातील व्यक्तींची पाच वर्षे पाहणी केल्यावर दोन्ही गटांच्या कुटुंबांत भेद आढळला नाही. जो काही संसर्ग व्हावयाचा तो बहुतांशी निदानापूर्वीच होऊन गेलेला असे, आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटे. आईला मुलांपासून तोडण्याचे, कमावत्या पुरुषाला दोन-दोन वर्षे डोंगरावर ठेवण्याचे वैद्यकीय कारण त्यामुळे नाहीसे झाले. फुप्फुसरोगांच्या इतिहासात, प्रस्तुत लेखकाच्या मते, इतक्या कुटुंबांवर इतका थेट परिणाम करणारा दुसरा प्रयोग नाही. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम त्याच पायावर उभा राहिला. घरी औषध नियमित घेतले जात नाही, ही अडचणही मद्रासलाच प्रथम नीट अभ्यासली गेली. समोर बसवून औषध देण्याच्या पुढील पद्धतीचे मूळ तेथे आहे.

सॅरानॅक लेक येथील ट्रूडोची संस्था १९५४ मध्ये बंद झाली होती. दाव्होसच्या अनेक आरोग्यधामांची हॉटेले झाली. तथापि उघड्या खिडक्या व्यर्थ होत्या असे नाही. रिचर्ड रायली व त्याचे सहकारी यांनी बॉल्टिमोर येथे १९५० नंतरच्या दशकात क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली आणि केवळ त्या हवेनेच प्राण्यांना लागण होते हे सिद्ध केले. वाहत्या हवेत जंतुकण विरळ होतात. म्हणजे मोकळी हवा उपकारक होती खरी, पण रुग्णापेक्षा त्याच्या शेजाऱ्याला. आहाराबाबतही नवा पुरावा मिळाला आहे. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. बेटावरच्या सशांचा चारा शेवटी हिशेबात आला, असे म्हणता येईल.

उंचीचा परिणाम : विरळ हवेने हृदय व फुप्फुसे बळकट होतात, या ब्रेमरच्या कल्पनेला फ्रेंच शरीरक्रियाविज्ञ पॉल बेअर (१८३३–८६) याने १८७८ मध्येच उत्तर दिले होते. उंचावर हवेतील ऑक्सिजनाचे शेकडा प्रमाण तेच राहते, पण वायुदाब घटल्यामुळे त्याचा अंशिक दाब कमी होतो. समुद्रसपाटीस हा दाब पाऱ्याच्या सु. १५९ मिमी. असतो, दाव्होसच्या उंचीवर तो सु. १३२ मिमी. होतो आणि केदारनाथ (सु. ३,५८० मी.) येथे समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांशच उरतो. निरोगी माणूस श्वसन वाढवून ही तूट काही अंशी भरून काढतो. चिरकारी श्वासनलिकाशोथ, वातस्फीती किंवा क्षयानंतरच्या व्रणांनी ज्याची फुप्फुसे आधीच निकामी झाली आहेत, त्याच्याजवळ ही राखीव शक्ती नसते. फुप्फुसातील रोहिण्या ऑक्सिजनाच्या तुटीने आकुंचन पावून हृदयाच्या उजव्या भागावर भार टाकतात. अशा रोग्याला उंच डोंगरावर ‘हवा खाण्यास’ पाठविणे म्हणजे त्याला ऑक्सिजनाच्या दुष्काळात लोटणे होय. विमानातील दाब सु. २,४०० मी. उंचीइतका असू शकतो, म्हणून त्यांना विमानप्रवासापूर्वीही तपासणी करून घ्यावी लागते.

उंचीचा खरा लाभ दम्याच्या काही रोग्यांना होतो, व तोही वेगळ्याच कारणाने. नेदर्लंड्समधील संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात घरातील धुळीतील सूक्ष्म माइट हे ॲलर्जीचे प्रमुख कारण असल्याचे दाखविले. माइटांना दमट हवा लागते. आल्प्समधील उंच, कोरड्या गावी त्यांचे प्रमाण अत्यल्प असते व माइटांची ॲलर्जी असलेली मुले तेथे सुधारतात. परतल्यावर लाभ हळूहळू ओसरतो. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येणाऱ्या आपल्या गिरिस्थानांना हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

हवेची शुद्धता : क्षयाच्या बाबतीत हवेला नाहक महत्त्व दिले गेले, तर इतर फुप्फुसविकारांत तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. बेल्जियममधील म्यूज नदीच्या खोऱ्यात डिसेंबर १९३० मध्ये व अमेरिकेतील डोनोरा येथे ऑक्टोबर १९४८ मध्ये कारखान्यांचा धूर साचून माणसे मेली. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात धुरकट धुक्याने नेहमीपेक्षा सु. ४,००० मृत्यू अधिक झाले. पुढील महिने धरून केलेल्या नंतरच्या अभ्यासात हा आकडा सु. १२,००० मानला आहे. बळी पडलेल्यांत चिरकारी श्वासनलिकाशोथाचे वृद्ध रोगी पुष्कळ होते. ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. भारतात तसा कायदा १९८१ मध्ये आला. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवाशांची ग्रामीण भागाशी तुलना करून शहरी प्रदूषण व श्वसनविकार यांचा संबंध अभ्यासला.

भारतातील अधिक जुना धूर मात्र गिरणीच्या धुराड्यातला नव्हे, चुलीतला आहे. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती (१९१७–२०२०) यांनी १९५९ मध्ये फुप्फुसविकारजन्य हृद्‌रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या तरुण स्त्रियांतही हा रोग त्यांना वारंवार आढळला आणि त्याचा संबंध त्यांनी शेणी व लाकडांच्या धुराशी जोडला. मोकळ्या, शुद्ध हवेचे म्हणून गौरविलेल्या खेड्यातील बाई रोज काही तास कोणत्या हवेत श्वास घेते, हे तोपर्यंत मोजलेच गेले नव्हते. गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापक बांधून केलेली मोजणी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते प्रमाण शहरी रस्त्यांवरील धुळीच्याही पुष्कळ पुढे असल्याचे दिसले. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व इंग्लंडमधील पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील श्वासनलिकांच्या चिरकारी अवरोधी विकाराचा आढावा घेताना जैव इंधनाच्या धुराला जगातील एक मोठे कारण ठरविले. घरगुती गॅस देण्याची उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ४३ टक्के होते.